विलायतेंतील कानसेन

तानसेन होणें प्रत्येकाच्या नशिबीं नसतें, पण कानसेन होणें ज्याच्या त्याच्या हातीं असतें, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. या म्हणण्यांत ऐकणाऱ्याचा गौरव आहे खरा. परंतु त्याच्या कामाची सीमाही बहुधा त्यांतच आंखली जाते. गाणाऱ्यानें गावें, ऐकणाऱ्यानें मान डोलवावी, योग्य जागीं दाद द्यावी आणि घरीं जावें. ज्या संगीताविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत, त्याची मौज अशी कीं, तेथें कानसेनांनींच दुकानें थाटलीं, कानसेनांनींच ध्वनिमुद्रिका काढल्या, नियतकालिकें छापलीं, आणि एकदां तर बुडूं लागलेलें एक नभोवाणी-केंद्र हात देऊन वर काढलें. हें संगीत म्हणजे इंग्लंडांतील रॉक, आणि विशेषतः त्याची ‘इंडी’ या नांवानें ओळखली जाणारी शाखा.

हें नांव वाचतांच कांहीं वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. ज्या घरांत पहाटे भूपाळी आणि तिन्हीसांजेस शुभंकरोति म्हणण्याची चाल आहे, त्या घरांत हा गिटारींचा व ढोलांचा कल्लोळ कशाला, असें वडीलधाऱ्या माणसांना वाटणें स्वाभाविक आहे. घरांतला मुलगा कानांत बोंडें घालून तासन् तास एकटाच मान हालवीत बसतो. आजोबांना वाटतें, पोर हातचें गेलें. पोराला वाटतें, आजोबांना यांतलें काय कळणार! एकाच दिवाणखान्यांत बसून दोघेही एकमेकांपासून कोसच्या कोस दूर जातात. मी स्वतः हें संगीत कित्येक वर्षें प्रेमानें ऐकत आलों आहें, आणि ज्या कानांनीं पुरिया ऐकतों त्याच कानांनीं तें ऐकतों. तथापि आजोबांना त्याची गोडी लावावी असा माझा हेतु नाहीं. आवड ही लादून लागत नसते. या संगीताच्या रसिकांनीं काय केलें एवढें मात्र सांगावेंसें वाटतें. तें कळलें म्हणजे नातवाशीं बोलावयास निदान एक धागा तरी हातीं लागेल.

‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ म्हणजे ‘स्वतंत्र’ या शब्दाचा लाडका अपभ्रंश होय. तें मुळांत रागाचें किंवा तालाचें नांव नसून मालकीचें नांव आहे. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत ध्वनिमुद्रिका काढणें हें मुख्यतः ई. एम. आय., डेक्का यांसारख्या बड्या कंपन्यांचें काम होतें. मुद्रणगृह त्यांचें, कारखाना त्यांचा, दुकानांपर्यंत माल पोंचविणारी यंत्रणा त्यांची. अर्थात् कोणाचा आवाज लोकांपर्यंत जावा आणि कोणाचा जाऊं नये, हें ठरविणारेही तेच. ही मिरासदारी मोडण्याची सुरुवात कोण्या थोर गवयानें केली नाहीं. ती दोन श्रोत्यांनीं केली.

हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली हे ते दोन तरुण. दोघेही मँचेस्टरजवळच्या बोल्टन येथें तंत्रशिक्षण-संस्थेंत विद्यार्थी होते. १९७६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ नामक एका नव्या मंडळीविषयीं संगीताच्या साप्ताहिकांत वाचलें आणि ते थेट त्यांचा कार्यक्रम ऐकावयास गेले. परत आल्यावर त्यांनीं त्या मंडळीला मँचेस्टरला आणण्याचा घाट घातला, आणि ४ जून १९७६ रोजीं लेसर फ्री ट्रेड हॉल या लहानशा सभागृहांत तो कार्यक्रम झाला. श्रोते मूठभरच. पण त्या मुठींत बर्नार्ड समनर व पीटर हुक होते, ज्यांनीं पुढें ‘जॉय डिव्हिजन’ व ‘न्यू ऑर्डर’ या मंडळ्या उभारल्या. मॉरिसी होता, जो १९८२ मध्यें स्थापन झालेल्या ‘द स्मिथ्स’चा गायक झाला. हुकनें तर दुसऱ्याच दिवशीं आपली पहिली बेस गिटार विकत घेतली. गाणारे फार थोर होते म्हणून हें घडलें नाहीं. उलट ते इतके बेधडक व ओबडधोबड होते कीं, ‘हें आपल्यालाही जमेल’ असा धीर ऐकणाऱ्यांना आला. थोर कलावंतापुढें आपण नतमस्तक होतों. पण कधीं कधीं कच्चा कलावंत आपल्याला उठून उभें करतो.

डिव्होटो व शेली यांनीं ‘बझकॉक्स’ नांवाची स्वतःची मंडळी काढली. बड्या कंपनीच्या दारांत न जातां त्यांनीं मित्रांकडून व शेलीच्या वडिलांकडून सुमारें ५०० पौंड उसने घेतले, एका दिवसांत चार गाणीं मुद्रित केलीं, आणि जानेवारी १९७७ मध्यें ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रसिद्ध केली. पहिल्या प्रती १,००० काढल्या. मागणी वाढत जाऊन सुमारें १६,००० खपल्या. तिच्या वेष्टनावर कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत मुद्रित झालें तेंही छापलें होतें. पुढच्याच वर्षीं ‘स्क्रिटी पोलिटी’ या मंडळीनें आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर ती काढण्यास आलेला खर्च कलमवार छापून टाकला. पाककृति सांगतांना आपल्या आजीनें साहित्य, प्रमाण आणि त्याचा हिशेबही सांगावा, तसाच हा प्रकार. त्यांतील संदेश एकच : यांत गुपित कांहीं नाहीं, तुम्हीही करून पाहा.

असें करून पाहणारे शेंकडों निघाले. परंतु घरांत रचलेल्या तबकड्या गांवोगांवच्या ग्राहकांपर्यंत पोंचवावयाच्या कशा? येथेंही रसिकच पुढें आले. जेफ ट्रॅव्हिस या तरुणानें १९७६ मध्यें लंडनच्या पश्चिम भागांत ‘रफ ट्रेड’ हें दुकान घातलें. तेथें माणसें नुसती खरेदीस येत नसत. घटकाभर उभीं राहून ऐकत, वाद घालीत, एकमेकांस नवीं नांवें सुचवीत. १९७८ पासून या दुकानानें स्वतःच ध्वनिमुद्रिका काढण्यास आरंभ केला. ‘द स्मिथ्स’ची पहिली तबकडी १९८३ मध्यें येथूनच निघाली. यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉरिच, एडिंबरो वगैरे ठिकाणच्या अशाच संस्थांशीं संधान बांधून त्यांनीं एकमेकांचा माल देशभर पोंचविण्याची व्यवस्था केली. १९८० च्या जानेवारीपासून अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊं लागली. मार्क पेरी नांवाच्या बँकेंतील एका कारकुनानें तर १९७६ च्या उन्हाळ्यांतच टंकयंत्रावर मजकूर उतरवून, त्याच्या नकला काढून ‘स्निफिन ग्लू’ हें रसिकांचें पत्र सुरूं केलें होतें. त्याच्या पाठोपाठ तसल्या हस्तोद्योगी पत्रांचें पीकच आलें.

आतां या संगीतांत ऐकावयाचें तरी काय? ख्यालाची संवय असलेल्या कानानें येथें आलापी व विस्तार शोधूं नये. ती मिळावयाची नाहीं. दोन गिटारी, एक बेस, एक ढोलांचा संच आणि एक आवाज, एवढाच बहुधा संसार. स्वर एकामागून एक उलगडण्यापेक्षां अनेक स्वर एकदम मिळून जो भरीव नाद उठतो त्याच्या छटा येथें पाहावयाच्या. गळा तयार नसला तरी चालतो. शब्द आपलेसे असावे लागतात, आणि ते आपल्याच गांवच्या उच्चारांत म्हणावे लागतात. तुलना करावयाचीच झाली तर ती बैठकींतल्या ख्यालाशीं न करतां जुन्या फिरक्या तबकडीशीं करावी. आपल्या गवयांनींही एके काळीं तीन मिनिटांत राग बसविला होताच. त्या बंधनांतून जी एक नेटकी तडफ येते, तीच येथें प्रकट होते.

या रसिकांचा मुकुटमणि म्हणजे जॉन पील. लिव्हरपूलजवळच्या एका कापूस-व्यापाऱ्याचा हा मुलगा १९६७ मध्यें बी. बी. सी. चें ‘रेडिओ १’ सुरूं झालें तेव्हांपासून २००४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तेथें रात्रीच्या वेळीं तबकड्या वाजवीत असे. तो गात नसे, वाजवीत नसे. तो फक्त ऐकत असे. अपरिचित पोरांनीं टपालानें पाठविलेल्या ध्वनिफिती तो ऐके, आणि जें आवडे तें कोणाची भीड न बाळगतां लोकांना ऐकवी. त्या काळीं वादकांच्या संघाशीं झालेल्या करारामुळें बी. बी. सी.ला दिवसाकाठीं ठराविक तासच विकतच्या तबकड्या लावतां येत. तबकड्यांमुळें जिवंत वादकांचा रोजगार बुडूं नये, हा त्यांतला हेतु. उरलेला वेळ भरण्यासाठीं मंडळ्यांना केंद्रावर बोलावून, मोबदला देऊन त्यांचीं गाणीं मुद्रित करावीं लागत. या अडचणीचें पीलनें सोनें केलें. त्याच्या कार्यक्रमासाठीं दोन हजारांहून अधिक कलावंतांचीं चार हजारांवर मुद्रणें झालीं, आणि त्यांतल्या कित्येकांना देशानें प्रथम तेथेंच ऐकलें.

पीलचें सर्वांत लाडकें गाणें कोणतें होतें, ही हकीकत सांगण्यासारखी आहे. उत्तर आयर्लंडमधील डेरी हें शहर त्या वेळीं बाँब, गोळीबार व लष्करी पहारे यांनीं गांजलेलें होतें. तेथील ‘द अंडरटोन्स’ या पांच पोरांच्या मंडळीनें पौगंडवयांतल्या प्रेमाच्या हुरहुरीवर अडीच मिनिटांचें एक गाणें रचलें. ‘टीनेज किक्स’ हें त्याचें नांव. बेलफास्टमध्यें तबकड्यांचें दुकान चालविणाऱ्या टेरी हूली या रसिकानें १९७८ मध्यें तें प्रसिद्ध केलें. पीलनें तें आपल्या कार्यक्रमांत लागोपाठ दोनदां वाजविलें, आणि त्यानंतर लवकरच त्या पोरांना मोठ्या कंपनीचें बोलावणें आलें. ज्या शहराचें नांव बातम्यांत केवळ रक्तपाताच्या संदर्भांत येई, तेथलींही मुलें इतर मुलांसारखींच प्रेमांत पडतात, ही साधी गोष्ट त्या गाण्यानें देशाला कळविली. सफोक परगण्यांतील ग्रेट फिनबरो या खेड्यांत पीलची समाधि आहे. तिच्यावर त्याच गाण्यांतील एक ओळ कोरलेली आहे.

पीलचे श्रोते दर वर्षअखेर आपल्या आवडत्या गाण्यांस मतें देत, व त्यांतून पन्नास गाण्यांची यादी तयार होई. १९९७ सालच्या यादींत पहिला मान ज्या गाण्याला मिळाला, त्याचा संबंध थेट आपल्या सांगलीशीं पोंचतो. लेस्टर येथें १९९१ च्या सुमारास निघालेल्या ‘कॉर्नरशॉप’ या मंडळीचें तें ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. तिचा गायक तेजिंदर सिंग इंग्लंडांतच जन्मलेला पंजाबी. हिंदी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, अशी जी हेटाळणी तेथें चाले, तीच त्यानें नांव म्हणून मिरविली. मास्तर दीनानाथांच्या कन्येचा, आशाबाई भोसले यांचा, आणि पार्श्वगायनाच्या साऱ्या दुनियेचा गौरव हा त्या गाण्याचा विषय. लताबाई व महंमद रफी यांचींही नांवें त्यांत येतात, आणि मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या लहान तबकडीचें प्रेम तर त्यांत ओतप्रोत भरलें आहे. म्हणजे एका रसिकानें रसिकपणावरच रचलेलें हें गाणें. प्रथम तें खपाच्या यादींत साठाव्या स्थानापलीकडे गेलें नाहीं. पण कानसेनांनीं तें धरून ठेवलें. पुढें नॉर्मन कुक यानें त्याला नवा वेग देऊन पुन्हां घडविलें, आणि फेब्रुवारी १९९८ मध्यें तें ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. ज्या आवाजाबरोबर आपल्या आया-मावश्या स्वयंपाकघरांत गुणगुणल्या, त्याच्या नांवाचा घोष बर्मिंगहॅम व मँचेस्टरच्या रस्त्यांवरून झाला. परक्याचें संगीत परकें तें कितपत, असा प्रश्न येथें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

या भक्तिमार्गांत दोष नाहींत असें मात्र नाहीं. मद्य व मादक पदार्थ यांनीं पुष्कळ गुणी माणसांचा घात केला आहे, आणि त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. शिवाय आपला आवडता गायक चार लोकांना आवडूं लागतांच त्याला ‘बिघडला’ म्हणणारे सोवळे रसिक तेथेंही आहेत. घराण्याचे तंटे म्हणाल तर तेही आपल्याइतकेच कडवे. १४ ऑगस्ट १९९५ रोजीं ‘ब्लर’ व ‘ओएसिस’ या दोन मंडळ्यांच्या तबकड्या एकाच दिवशीं निघाल्या, तेव्हां दक्षिणेकडील ब्लर थोर कीं उत्तरेकडील ओएसिस थोर, या वादाला राष्ट्रीय बातम्यांत जागा मिळाली. त्या आठवड्यांत ब्लरच्या सुमारें २,७४,००० आणि ओएसिसच्या सुमारें २,१६,००० प्रती खपल्या. गंमत ही कीं, स्वतंत्र म्हणून मिरविणाऱ्या ओएसिसच्या ‘क्रिएशन’ या संस्थेंत १९९२ पासूनच सोनी या बड्या कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा होता. तेव्हां ‘इंडी’ हें नांव मालकीचें न राहतां हळूहळू नुसत्या शैलीचें झालें होतें. रफ ट्रेडची ती वितरण-व्यवस्थाही १९९१ मध्यें कोसळली आणि कित्येक लहान संस्थांचे पैसे तींत बुडाले. उत्साह पुष्कळ, पण हिशेब कच्चा, हा या चळवळीचा जुना रोग.

इतकें असूनही कानसेनांचें बळ संपलें नव्हतें, याचा दाखला २०१० मध्यें मिळाला. बी. बी. सी. नें २००२ सालीं ‘६ म्युझिक’ हें केंद्र सुरूं केलें होतें. पीलच्या धर्तीची निवड हें त्याचें वैशिष्ट्य. मार्च २०१० मध्यें खर्च कमी करण्यासाठीं तें बंद करण्याचा प्रस्ताव आला. श्रोत्यांनीं पत्रें लिहिलीं, निदर्शनें केलीं, आणि मुख्य म्हणजे तें केंद्र ऐकावयास सुरुवात केली. पाहतां पाहतां श्रोत्यांची संख्या दहा लाखांच्या पुढें गेली. जुलैमध्यें बी. बी. सी. च्या विश्वस्त-मंडळानें तो प्रस्ताव फेटाळला. संस्था वाचतात त्या नुसत्या हळहळीनें नव्हे. त्यांचा वापर करणारीं माणसें पुढें आलीं म्हणजे वाचतात.

मात्र प्रत्येक ठिकाणीं असा निभाव लागलेला नाहीं. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ हें १९५२ पासूनचें साप्ताहिक मार्च २०१८ मध्यें छापील स्वरूपांत बंद पडलें. बाथ शहरांतील ‘मोल्स’ हें लहानसें सभागृह, जेथें ओएसिस, ब्लर व रेडिओहेड यांनीं आपल्या उमेदवारीच्या काळांत गाणें केलें होतें, तें ४५ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२३ मध्यें बंद झालें. त्या एका वर्षांत ब्रिटनमध्यें अशीं सव्वाशें ठिकाणें गेलीं, असें त्यांच्या रक्षणासाठीं २०१४ मध्यें स्थापन झालेल्या विश्वस्त-संस्थेनें नमूद केलें आहे. भाडें, वीज, कर सर्वच वाढलें. दुसरीकडे घरबसल्या कोट्यवधि गाणीं जवळजवळ फुकट ऐकतां येऊं लागलीं. त्यांतून लहान कलावंताच्या हातीं पडतें तें अगदींच नगण्य. १९७६ सालीं त्या मूठभर श्रोत्यांना ‘हें आपल्यालाही जमेल’ असें वाटलें, तें एका खोलींत एकत्र उभें राहून ऐकल्यामुळें. ती खोलीच उरली नाहीं तर तें वाटणार कोणाला?

हा प्रश्न केवळ विलायतेचा आहे असें कोणी समजूं नये. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासून गायन-वादनाच्या प्रेमानेंच उभा राहिला आहे. गांवोगांव ज्यांनीं वर्गणी काढून, सतरंज्या अंथरून, गवयाला स्टेशनावरून घरीं आणून, त्याच्या पथ्यपाण्याची काळजी वाहून बैठकी घडविल्या, ते बहुतेक साधे कारकून, मास्तर व वकीलच होते. मँचेस्टरच्या त्या दोन विद्यार्थ्यांनीं केलें तें याहून कांहीं निराळें नव्हे. आजोबांनीं तरुणपणीं एखाद्या बैठकीसाठीं रुपया-दोन रुपये गोळा करीत दारोदार हिंडल्याची गोष्ट नातवाला सांगावी. नातवाला ती चटकन समजेल, कारण त्याच्या आवडत्या मंडळींचा इतिहासही तोच आहे.

आणि नातवानेंही दोन गोष्टी कराव्या. जें गाणें आपल्याला खरोखर जिवाभावाचें वाटतें त्याची तबकडी किंवा तिकीट पदरचे पैसे मोडून घ्यावें. ज्याचें अन्न खावें त्याची चूल विझूं देऊं नये. आणि आठवड्यांतून एकदां, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, कानांतलीं बोंडें काढून तीन मिनिटांचें एक गाणें सर्वांस ऐकवावें, त्याचे शब्द आईला व आजीला समजावून सांगावे, आणि मग आजोबांची एक बंदिश तितक्याच निमूटपणें ऐकावी. आरंभ ‘ब्रिमफुल ऑफ आशा’पासून केला तर आजीची हरकत येण्याचा संभव थोडा. आवडी जुळतील अशी हमी कोणी देऊं नये; त्या जुळल्याच पाहिजेत असेंही नाहीं. घरांतल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या कानानें घटकाभर ऐकतां आलें, तरी एका छपराखालीं राहिल्याचें सार्थक झालें म्हणावयाचें.